एलईडी भिंतीसाठी संगणकाची निवड : काष्टीच्या बाजारतळावरील एक हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे दौंड–मनमाड लोहमार्गावरील एक स्थानक असून शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी ह्या गावाचे नाव दूरवर परिचित आहे. अशा बाजारगावांत जत्रेच्या दिवसांत पूर्वी टुरिंग टॉकीजचा तंबू येत असे. त्या तंबूतील प्रक्षेपकाचे सामर्थ्य व मर्यादा तो चालविणाऱ्यास डोळ्यांनी दिसत. फीत सेकंदाला २४ चित्रे ह्या गतीने पुढे सरके, तुटली तर ती कोठे तुटली हे हाताला समजे आणि चिकटवून खेळ पुढे चालू करता येई. आता विवाहसमारंभ, हरिनाम सप्ताह, ऑर्केस्ट्रा, प्रचारसभा आणि बैलगाडा शर्यत ह्या सर्व प्रसंगी मंचामागे किंवा मैदानाच्या कडेला एलईडी भिंत उभी राहते. ती उभी करणाऱ्यांत शहरांतील मोठ्या संस्थांप्रमाणे मंडपाचा पिढीजात व्यवसाय असलेली तालुक्यातील कुटुंबेही आहेत. भिंतीची पाने कर्ज काढून घेतली जातात. त्यानंतर ‘हिला संगणक कोणता लावावयाचा?’ हा प्रश्न उद्भवतो आणि त्याचे उत्तर बहुधा संगणकाच्या दुकानात शोधले जाते. तेथे मिळणारे उत्तर ठरलेले असते : खेळांसाठी बनविलेले सर्वांत महागडे ग्राफिक कार्ड घ्यावे. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नसले तरी ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

एलईडी भिंतीचा संगणक निवडताना विचाराची दिशा भिंतीकडून संगणकाकडे असावी लागते. भिंतीवर चित्रबिंदू किती, ते किती तारांतून जाणार, त्यांवर दाखवावयाची चित्रफीत कोणत्या स्वरूपात साठविलेली आहे आणि ती सेकंदाला किती चित्रांची आहे, ह्या चार गोष्टी निश्चित झाल्या म्हणजे संगणकाचे बहुतेक अवयव आपोआप ठरतात. ही दिशा उलटी धरली तर खर्च होतो, पण अडचण राहतेच. हे स्पष्ट व्हावे म्हणून येथे काष्टीच्या बाजारतळावर उभारलेली एक भिंत कल्पिली आहे. तिची रुंदी १२ मीटर, उंची ४ मीटर आणि पहिली रांग मंचापासून सुमारे १५ मीटर अंतरावर आहे, असे समजावे. पुढील आकडेमोड ह्या कल्पित भिंतीची असली तरी तीत वापरलेली परिमाणे प्रत्यक्ष बाजारात मिळणाऱ्या पानांचीच आहेत.

भिंतीचे गणित

एलईडी भिंत ही दूरचित्रवाणी संचासारखी एकसंध वस्तू नव्हे. ती लहान चौकटींची बनलेली असते. त्यांना व्यवसायात ‘कॅबिनेट’ म्हणतात आणि भाड्याच्या कामात ५०० मिलिमीटर लांब-रुंद अशी चौरस कॅबिनेट फार प्रचलित आहे. प्रत्येक चित्रबिंदू, अर्थात पिक्सेल, हा तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशी डायोडांचा पुंजका होय. तांबडा दृश्य प्रकाश देणारा डायोड १९६२ साली निक होलोन्याक ह्यांनी सिद्ध केला. पुरेसा तेजस्वी निळा मात्र १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा ह्यांच्या हातून प्रत्यक्षात आला, आणि त्या दिशेने केलेल्या कार्याबद्दल त्यांना इसामु अकासाकी व हिरोशी अमानो ह्यांच्यासमवेत २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्याशिवाय पूर्ण रंगांची भिंत अशक्य होती. ही भिंत गावात पोहोचावयास इतका काळ का लागला ह्याचे एक कारण ह्यात आहे.

शेजारच्या दोन चित्रबिंदूंमधील अंतरास ‘पिच’ म्हणतात. ३.९१ मिलिमीटर पिचच्या ५०० मिलिमीटर कॅबिनेटात १२८ गुणिले १२८ चित्रबिंदू असतात, ४.८१ च्या कॅबिनेटात १०४ गुणिले १०४. आपली कल्पित भिंत म्हणजे आडवी २४ व उभी ८, एकूण १९२ कॅबिनेट. पहिल्या पिचने ती ३०७२ गुणिले १०२४, म्हणजे ३१,४५,७२८ चित्रबिंदूंची होते. दुसऱ्या पिचने २४९६ गुणिले ८३२, म्हणजे २०,७६,६७२ ची. दुसरी संख्या नित्याच्या फुल एचडी चित्राच्या १९२० गुणिले १०८० ह्या संख्येशी, म्हणजे २०,७३,६०० शी, जवळजवळ जुळते, हा केवळ योगायोग आहे. आकार जुळत नसल्यामुळे त्याचा उपयोग काही नाही.

दोहोंतील कोणती पिच घ्यावी हा प्रश्न वस्तुतः डोळ्याचा आहे. निरोगी डोळा साधारणपणे एक कोनीय मिनिटाहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे पाहू शकत नाही. ह्या मापाने ३.९१ मिलिमीटर पिचचे बिंदू सुमारे १३.४ मीटरांवर एकमेकांत मिसळतात आणि ४.८१ चे सुमारे १६.५ मीटरांवर. पहिली रांग १५ मीटरांवर असेल तर त्या एकदोन रांगा सोडल्यास बाकी सर्व प्रेक्षकांना दोन्ही भिंती सारख्याच दिसतील. परंतु संगणकाला त्या सारख्या नाहीत. बारीक पिचच्या भिंतीचा भार दीडपट आहे. बारीक पिच ही प्रतिष्ठेची गोष्ट होऊन बसल्यामुळे हा विचार मागे पडतो. दिवाणखान्यातील लग्नासाठी तिचे प्रयोजन आहे, बाजारतळावर ते फारसे नाही. तथापि एकाच भिंतीने दोन्ही कामे करावयाची असल्यास बारीकच घ्यावी लागते आणि पुष्कळ व्यावसायिक तसेच करतात. यास्तव पुढील हिशेब ३.९१ चाच केला आहे.

संगणकातून निघालेले चित्र थेट कॅबिनेटात जात नाही. मध्ये व्हिडिओ प्रोसेसर असतो. तो संगणकाचे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट संकेत घेतो, भिंतीच्या आकाराप्रमाणे त्याचे तुकडे पाडतो आणि ते नेटवर्कच्या तारांनी कॅबिनेटांतील रिसीव्हिंग कार्डांकडे पाठवितो. अशा एका तारेची वहनक्षमता सेकंदाला एक गिगाबिट असते. एका चित्रबिंदूस तीन रंगांचे प्रत्येकी ८ असे २४ बिट लागतात; सेकंदाला ६० चित्रे धरल्यास १४४० बिट. एक अब्जास १४४० ने भागले असता ६,९४,४४४ ही संख्या येते. त्यातून संदेशांची वेष्टने वजा केली म्हणजे उत्पादक जी मर्यादा छापतात ती, अर्थात एका तारेस सुमारे ६,५०,००० चित्रबिंदू, हाती येते. १० बिटांचे चित्र पाठवावयाचे तर ही क्षमता बरीच घटते, काही यंत्रांत निम्मीच उरते.

आपल्या भिंतीच्या ३१,४५,७२८ बिंदूंना ६,५०,००० ने भागले तर ४.८४ येतात. सबब पाच तारा पुरेशा आहेत असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात कॅबिनेटांचे तुकडे करता येत नाहीत. आठ कॅबिनेटांचा एक उभा स्तंभ १,३१,०७२ बिंदूंचा असतो. असे चार स्तंभ एका तारेवर बसतात आणि पाच धरले तर ६,५५,३६० होऊन मर्यादा जेमतेम पाच हजारांनी ओलांडली जाते. म्हणजे २४ स्तंभांना सहा तारा हव्यात. पाच निर्गमद्वारांचा हिशेब करून घेतलेला प्रोसेसर ऐन वेळी अपुरा पडतो तो असा. सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रे पाठविली तर पाच स्तंभ एका तारेवर सामावू शकतात. परंतु यंत्रखरेदी ६० धरूनच करावी, कारण बाहेरून येणारा प्रत्येक लॅपटॉप ५० देईलच अशी शाश्वती नाही. तार मध्येच तुटली तर दुसऱ्या टोकाकडून चित्र मिळावे म्हणून परतीची तारही टाकावयाची झाल्यास निर्गमद्वारे बारा लागतात. खुल्या मैदानावर, जेथे तारांवरून माणसे व वाहने जातात, तेथे ही चैन नव्हे.

चित्रफितीचे ओझे

आता संगणकाकडे वळावयास हरकत नाही. त्याला चार कामे करावयाची असतात : तबकडीवरून फाइल वाचणे, तिचे आकुंचन उकलणे, दोनतीन थर एकावर एक रचणे, आणि तयार चित्र वेळेवर बाहेर धाडणे. खेळांसाठी प्रसिद्ध असलेली ग्राफिक कार्डे तिसऱ्या कामात अतिशय बलवान असतात. आपल्या भिंतीचे एक चित्र न आकुंचविता ९.४ मेगाबाइटांचे आहे. सेकंदाला ५० चित्रे धरल्यास ४७२ मेगाबाइट. सामान्य प्रतीच्या ग्राफिक कार्डाची स्वतःच्या स्मृतीशी चालणारी देवघेव सेकंदाला १०० गिगाबाइटांहून अधिक असते. तिच्या मानाने हा भार अर्ध्या टक्क्याइतकाही नाही. म्हणजे ज्या गुणासाठी अधिक पैसे मोजले जातात तो गुण येथे बहुतांशी निष्क्रिय राहतो. अडचण येते ती पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या कामात.

दुसरे काम, म्हणजे उकल, नीट समजून घेणे अगत्याचे आहे. बाजारातील बहुसंख्य चित्रफिती एच.२६४ ह्या २००३ साली मान्य झालेल्या पद्धतीने साठविलेल्या असतात. ह्या पद्धतीची तुलना व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीशी करता येईल. कीर्दीत दर दिवशी सर्व मालमत्ता पुन्हा लिहीत नाहीत, त्या दिवसाचे जमाखर्च तेवढे लिहितात. मधूनमधून एखाद्या पानावर शिल्लक काढलेली असते. अमुक दिवशी तिजोरीत काय होते हे सांगावयाचे तर मागील शिल्लकेच्या पानापर्यंत जाऊन तेथपासून बेरीज-वजाबाकी करीत यावे लागते. एच.२६४ फाइलीतही पूर्ण चित्र क्वचित असते. अधलीमधली चित्रे केवळ फरक सांगतात. त्यामुळे फाइल अत्यंत लहान होते. सेकंदाला २० मेगाबिट ह्या प्रमाणाने चार मिनिटांचे गाणे ६०० मेगाबाइटांत मावते. परंतु गाण्यातील विवक्षित क्षणी उडी मारणे, तोच तुकडा पुनःपुन्हा फिरविणे, एक फीत चालू असता दुसरी तत्काळ सुरू करणे ह्या मंचावर नित्य लागणाऱ्या क्रिया ह्या पद्धतीत जड जातात. घरी बसून चित्रपट पाहणाऱ्यास अर्ध्या सेकंदाचा थांबा जाणवतही नाही. वधूवरांच्या प्रवेशाच्या वेळी तोच थांबा सर्व पाहुण्यांना दिसतो.

ह्याहून एक सूक्ष्म अडचण रुंदीची आहे. एच.२६४ उकलण्यासाठी ग्राफिक कार्डांत स्वतंत्र विभाग असतो आणि बहुतेक कार्डांत त्याची मर्यादा ४०९६ चित्रबिंदू रुंदीची आहे. आपली ३०७२ ची भिंत तीत बसते. पण मंचाच्या दोन्ही अंगांना चार-चार मीटरांचे पंख जोडले, आणि ऑर्केस्ट्रावाले ते मागतातच, की रुंदी ५१२० होते. मग तो विभाग फाइल नाकारतो आणि सर्व ओझे मुख्य प्रोसेसरावर पडते. चित्र धक्के खाऊ लागते. कार्ड कितीही महाग असले तरी घडते हेच, आणि नेमक्या ह्याच वेळी ‘कार्ड कमी पडले’ असा निष्कर्ष काढून दुसरे घेतले जाते. २०१३ साली मान्य झालेल्या एच.२६५ पद्धतीत नव्या कार्डांची मर्यादा ८१९२ पर्यंत जाते, हा एक मार्ग. दुसरा मार्ग खर्चाशिवायचा आहे : चित्र घडीचे करावे. मधल्या भिंतीचे ३०७२ गुणिले १०२४ हे चित्र वरच्या अर्ध्या भागात, आणि दोन्ही पंखांची १०२४ गुणिले १०२४ ची चित्रे त्याखाली मांडली तर सर्व मिळून ३०७२ गुणिले २०४८ चा आयत होतो. तो ३८४० गुणिले २१६० च्या एकाच फोर-के संकेतात सहज सामावतो. प्रोसेसराकडे प्रत्येक तुकडा कोणत्या कॅबिनेटांवर पाठवावयाचा ह्याचा नकाशा असतोच. त्यात घडी उलगडून घेता येते. पंखांना प्रत्येकी दोन तारा अधिक लागतात, म्हणजे एकूण दहा. चित्रफीत तयार करणाऱ्यास हा नकाशा आधी कळवावा लागतो इतकेच, आणि हे ‘इतकेच’ बहुधा राहून जाते.

रोजकीर्दीच्या अडचणीवर दुसराही उपाय आहे. टॉम बटरवर्थ व विडवॉक्स ह्यांनी पुढे आणलेली ‘हॅप’ ही पद्धत प्रत्येक चित्र स्वतंत्र व पूर्ण साठविते, आणि तेही अशा रूपात की ग्राफिक कार्ड ते रंगविण्याच्या ओघातच उकलते. मुख्य प्रोसेसराला फारसे काम उरत नाही, कोठेही उडी मारता येते, चार फिती एकदम चालविता येतात. रेझोल्यूम ह्या मंचावरील लोकप्रिय प्रणालीची ‘डीएक्सव्ही’ पद्धतही ह्याच जातीची. किंमत मोजावी लागते ती साठ्याच्या रूपाने. साध्या हॅपमध्ये एका चित्रबिंदूस अर्धा बाइट आणि अधिक चांगल्या प्रतीच्या हॅप-क्यूमध्ये एक बाइट धरावा. त्यावर आणखी थोडे आकुंचन होते, पण हिशेब कमाल आकड्यानेच करावा. सेकंदाला २५ चित्रांची हॅप-क्यू फीत आपल्या मधल्या भिंतीसाठी सेकंदाला ७८.६ मेगाबाइट वाचते. एका गाण्यातून दुसऱ्यात विरघळताना दोन फिती चालतात, तेव्हा १५७ मेगाबाइट. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क सलग वाचनात कशीबशी १५० च्या आसपास जाते आणि दोन ठिकाणांहून एकदम वाचावयास सांगितले की तिचे वाचनमुख इकडून तिकडे धावण्यातच वेळ घालविते. साध्या साटा जोडणीची एसएसडी ५०० पर्यंत देते आणि हा भार लीलया उचलते. पंखांसह घडीच्या चित्राचे तीन थर झाले तर मात्र गरज ४७२ वर जाते. तेथे साटा काठावर येते व सेकंदाला तीन हजार मेगाबाइटांच्या पुढे वाचणारी एनव्हीएमई हवी. ह्या दोहोंच्या किमतींत आता मोठे अंतर राहिलेले नाही. चार मिनिटांचे हॅप-क्यू गाणे १९ गिगाबाइटांचे होते हे लक्षात घेता रात्रभराच्या कार्यक्रमास एक टेराबाइटाहून कमी जागा ठेवणे शहाणपणाचे नाही. फिती पेनड्राइव्हवरून थेट चालवू नयेत हे सांगावयास नको. तरीही ते सांगावे लागते.

कार्यक्रमाच्या दिवशी सायंकाळी कोणीतरी पेनड्राइव्ह आणून देतो आणि त्यातील फाइल रात्री नऊला दाखवावयाची असते, ही ह्या व्यवसायातील वस्तुस्थिती आहे. फाइल हॅपमध्ये रूपांतरित करावयास वेळ लागतो, आणि त्या कामी मुख्य प्रोसेसराच्या गाभ्यांची संख्या उपयोगी पडते. आठ गाभ्यांचा प्रोसेसर ह्यासाठी समर्थनीय ठरतो, चित्र दाखविण्यासाठी नव्हे. रूपांतराचे काम चालू खेळाच्या संगणकावर करू नये.

ग्राफिक कार्ड व त्याची द्वारे

ह्या सर्व विचारानंतर ग्राफिक कार्डाकडून मागावयाचे ते थोडेच राहते : आठ गिगाबाइट स्मृती, एच.२६५ उकलणारा नवा विभाग, आणि फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा देऊ शकणारे निर्गमद्वार. शेवटची अट किरकोळ वाटते, परंतु एचडीएमआय १.४ जातीचे द्वार फोर-के चित्र सेकंदाला केवळ ३० वेळा देते. ६० साठी २.० जातीचे द्वार लागते आणि मधली तार व प्रोसेसरचे आगमद्वार हीही त्याच जातीची असावी लागतात. साखळीतील सर्वांत जुना दुवा गती ठरवितो. मोठी भिंत चार फुल एचडी संकेतांत विभागण्यापेक्षा शक्य तोवर एका फोर-के संकेतात द्यावी, कारण वेगवेगळ्या द्वारांतून निघणारी चित्रे नेमकी एकाच क्षणी बदलतील अशी हमी सामान्य कार्डे देत नाहीत आणि जलद हालचालीत भिंतीच्या जोडावर उभी चीर दिसते. अनेक द्वारे अपरिहार्य असतील तेथे ती एकत्र बांधणारी व्यावसायिक कार्डे, जसे एनव्हिडियाच्या ‘मोझेक’ सोयीची, घेणे रास्त होय. एका संगणकात दोन ग्राफिक कार्डे बसविणे सहसा टाळावे. एका कार्डाने रचलेले चित्र दुसऱ्याकडे नेण्यातच त्यांची शक्ती खर्ची पडते.

लॅपटॉप घेणाऱ्याने एक गोष्ट अवश्य तपासावी. पुष्कळ लॅपटॉपांत एचडीएमआय द्वार बलवान ग्राफिक कार्डास न जोडता मुख्य प्रोसेसरातील लहान चित्रविभागास जोडलेले असते. मग प्रत्येक चित्र एका विभागातून दुसऱ्यात उतरवून बाहेर पडते. जाहिरातीत ह्याचा उल्लेख नसतो.

वर जे म्हटले ते तयार फिती दाखविण्याविषयी आहे. ज्या भिंतीवर त्रिमिती दृश्य त्याच क्षणी घडविले जाते, जसे २०१९ च्या ‘द मँडलोरियन’ मालिकेच्या चित्रीकरणात कॅमेऱ्याच्या हालचालीबरोबर भिंतीवरील निसर्ग बदलत असे, तेथे ग्राफिक कार्डाची संपूर्ण ताकद लागते आणि अनेक संगणक एका ठोक्यावर चालवावे लागतात. बाजारतळावरील भिंत त्या जातीची नव्हे.

चित्रांची गती

भारतातील कॅमेरे व दूरचित्रवाणी सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांच्या परंपरेतील आहेत. संगणक मात्र कोणी न बदलल्यास ६० ने चित्र बाहेर टाकतो. २५ ने ६० ला भाग जात नाही, २.४ येतात. परिणामी एक चित्र दोन ठोके थांबते, पुढचे तीन, पुन्हा दोन. स्थिर चित्रात हे कळत नाही, पण खालून सरकणाऱ्या देणगीदारांच्या नावांची पट्टी अडखळत चालते. हा दोष संगणकाच्या दुर्बलतेचा समजून त्यावर पैसे खर्च झाल्याची उदाहरणे विरळा नसावीत. संगणकाचे निर्गम ५० वर आणून प्रोसेसरही त्याच गतीवर ठेवला की तो एका पैशाविना जातो.

ह्याच्याशी निगडित प्रश्न जिवंत कॅमेऱ्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यासंबंधीचा कायदा वैध ठरविला; त्यानंतर पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील शर्यतींच्या घाटांवर असे पडदे नित्याचे झाले. शर्यतीत काय, कीर्तनात काय, चित्र किती उशिरा दिसते हे महत्त्वाचे असते. कॅमेरा, चित्र पकडणारे कार्ड, संगणकातील प्रणाली, निर्गम आणि व्हिडिओ प्रोसेसर हे प्रत्येकजण एकदोन चित्रांचा विलंब लावतात. सेकंदाला ५० चित्रांच्या गतीने असे सहा ते दहा टप्पे धरले तर विलंब १२० ते २०० मिलिसेकंद होतो. २५ च्या गतीने त्याच्या दुप्पट. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे मंचापासून ५० मीटरांवर बसलेल्या श्रोत्याला आवाजच १४७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि त्याच्यापुरते ओठ व शब्द जुळतात. पहिल्या रांगेतील श्रोत्याला मात्र कीर्तनकाराचा टाळ आधी ऐकू येतो व मग दिसतो. ह्यावर अधिक वेगवान संगणक हा उपाय नाही. जिवंत कॅमेरा संगणकातून नेऊच नये. तो स्विचरमधून थेट व्हिडिओ प्रोसेसरच्या दुसऱ्या आगमद्वारात द्यावा आणि संगणकाकडे केवळ नावे व तयार फिती ठेवाव्यात. त्यामुळे विलंबाचे तीनचार टप्पे गळतात.

धूळ, उष्मा व जनित्र

श्रीगोंदा तालुका पर्जन्यछायेतील आहे. वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि बाजारतळावरील माती पावलागणिक उडते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचविण्यासाठी गती कमी करतो. दुकानातील वातानुकूलित खोलीत उत्तम चालणारा पातळ लॅपटॉप तंबूत तासाभराने मंदावतो त्याचे कारण हे. यास्तव वजनाने जड, मोठ्या पंख्यांचा, धूळ अडविणाऱ्या धुता येण्याजोग्या जाळ्यांचा डेस्कटॉप लाकडी पेटीत बसवून नेणे अधिक हितावह. टेम्पोच्या धक्क्यांनी जड ग्राफिक कार्ड खाचेतून ढिले होते. त्याला खालून आधार देणारी पट्टी असावी.

विजेचा प्रश्न ह्याहून गंभीर आहे आणि त्याचा संबंध प्रत्यक्ष चित्राशी आहे. मैदानी भिंतीस पूर्ण पांढरे चित्र दाखविताना चौरस मीटरास प्रकारपरत्वे ६०० ते ८०० वॉट लागतात. आपल्या ४८ चौरस मीटरांस २९ ते ३८ किलोवॉट. काळ्या चित्रास त्याचा अल्पांश. गाण्याच्या ठेक्यावर पडदा काळा-पांढरा लुकलुकू लागला की जनित्रावरील भार त्याच ठेक्याने चढउतार करतो, आणि जनित्र बेताचे असेल तर दाबही त्याबरोबर हेलकावे खातो. त्याच दाबावर संगणक असेल तर तो ऐन गाण्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो. भिंतीने आपल्याच संगणकाचा श्वास कोंडावा असा हा प्रकार. संगणक व व्हिडिओ प्रोसेसर ह्यांना स्वतंत्र ऑनलाइन यूपीएस द्यावा. त्यांचा एकत्रित भार हजार वॉटांच्या आत असल्याने हा खर्च ग्राफिक कार्डाच्या वरच्या पायरीहून बहुधा कमीच येतो.

मंचाचे भूसंबंधन व चालकाच्या टेबलाचे भूसंबंधन वेगवेगळे असेल तर त्यांतील दाबाचा फरक चित्राच्या तांब्याच्या तारेच्या वेष्टनातून वाहतो आणि एचडीएमआय द्वार जळते. शिवाय तांब्याची एचडीएमआय तार दहापंधरा मीटरांपलीकडे फोर-के चित्र विश्वासाने नेत नाही. टेबल मंचापासून ४० मीटरांवर असेल तर प्रकाशतंतूची तार घ्यावी. आत तांब्याची विद्युत्‌वाहक तार नसलेली जात घेतल्यास दोन्ही टोके विद्युत्‌दृष्ट्या विलग राहतात.

संगणकातील व्यवस्थेसंबंधी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. आपोआप होणारी अद्यतने, झोपी जाण्याची सवय, सूचनांच्या खिडक्या ही सर्व बंद ठेवावीत व खेळाच्या संगणकास इंटरनेट देऊ नये. मोठ्या सभेत वक्त्याच्या मागे अद्यतनाची निळी पाटी झळकली तर तिचे स्पष्टीकरण कोणी ऐकून घेत नाही.

राहता राहिला पर्यायी संगणकाचा प्रश्न. समजा, मंडपवाल्याकडे एक महागडा संगणक किंवा मध्यम प्रतीचे दोन सारखे संगणक घेण्याइतकी रक्कम आहे. वरील हिशेबावरून मध्यम प्रतीचा संगणक १२ मीटरांची भिंत चालविण्यास समर्थ आहे हे दिसून आलेच. दोन्ही संगणक एकाच व्हिडिओ प्रोसेसरच्या दोन आगमद्वारांना जोडलेले, दोहोंवर त्याच फिती त्याच नावांनी ठेवलेल्या आणि दोन्ही एकदम चालू, अशी मांडणी असल्यास पहिला थांबताच एका कळीने दुसऱ्याचे चित्र भिंतीवर येते. मात्र दोहोंस एकच यूपीएस देऊ नये, आणि दुसऱ्या संगणकावरील फिती त्या रात्री एकदा शेवटपर्यंत चालवून पाहिलेल्या असाव्यात.